रथ, रथी आणि कुळ : मोटारशर्यतींच्या जगज्जेतेपदाची कारणमीमांसा

१. प्रश्नाचे स्वरूप

महाभारतातील आदिपर्वात राजपुत्रांच्या शस्त्रविद्येच्या प्रदर्शनाचा प्रसंग आहे. अर्जुनाने करून दाखविलेली सर्व कौशल्ये कर्ण करून दाखवितो आणि त्याला द्वंद्वाचे आव्हान देतो. त्या वेळी कृपाचार्य त्याला कौशल्याविषयी काहीही विचारत नाहीत, त्याचे कुळ विचारतात. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तत्क्षणी त्याला अंगदेशाचा राजा करतो आणि कुळाची उणीव आश्रयाने भरून काढण्याचा प्रयत्न करतो. पुढे कुरुक्षेत्रावर निर्णायक घटकेला याच कर्णाच्या रथाचे चाक भूमीत रुतते. पौरुष, कुळ, आश्रय आणि दैव या चारही गोष्टींचा हिशेब एकाच व्यक्तीच्या चरित्रात मांडणारी ही कथा आहे. मराठी वाचकाला तर शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबरीपासून ती विशेष जवळची वाटते.

तथापि, या कथेच्या वाचनात एक विसंगती सहसा राहून जाते. कर्ण का हरला, असे आपण वारंवार विचारतो. अर्जुन का जिंकला, असे क्वचितच विचारतो. पराभवाचे कारण आपण दैवात आणि कुळात शोधतो, विजयाचे कारण मात्र गुणात आहे असे गृहीत धरतो. ही सवय केवळ पुराणकथांच्या वाचनापुरती मर्यादित नाही. परीक्षा, नोकरी, व्यापार, कला अशा सर्वच क्षेत्रांत यशस्वी माणसाची चरित्रे याच रीतीने लिहिली जातात. मोटारशर्यतींचा इतिहास या सवयीची परीक्षा घेण्यास विशेष उपयुक्त आहे. येथे गुण सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो, रथाची किंमत उघड असते, वडिलांचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि दैवाचा घाला हजारो प्रेक्षकांसमोर पडतो. फॉर्म्युला वन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतींची जगज्जेतेपदाची स्पर्धा १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे सुरू झाली. तेव्हापासूनच्या इतिहासातील काही निवडक चरित्रांच्या आधारे जेता प्रतिभेने घडतो, दैवाने घडतो की कुळाने, या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

२. बालकार्सेचा मेकॅनिक

या स्पर्धेचा पहिला जेता ज्युझेप्पे फारिना हा तुरिनमधील मोटारींचे सांगाडे बांधणाऱ्या प्रसिद्ध घराण्यातला होता. पिनिनफारिना या कंपनीचा संस्थापक बातिस्ता फारिना हा त्याचा काका. म्हणजे आरंभीच कुळाच्या बाजूने एक पुरावा नोंदला गेला. परंतु पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, ज्याने जेतेपद मिळविले त्याचे चरित्र याच्या नेमके उलट आहे. म्हणून ते थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक ठरते.

हुआन मान्युएल फांजिओ याचा जन्म २४ जून १९११ रोजी अर्जेंटिनातील बालकार्से या गावी, इटलीतून स्थलांतरित झालेल्या एका कष्टकरी कुटुंबात झाला. शाळा अर्धवट सोडून तो लहान वयातच गॅरेजमध्ये उमेदवारी करू लागला आणि पुढे त्याने गावात स्वतःचे गॅरेज काढले. घरी शर्यतींची परंपरा नव्हती आणि पैसाही नव्हता. शर्यतींसाठी त्याला मोटार हवी होती, ती गावकऱ्यांनी वर्गणी गोळा करून उभी केली. १९४० मध्ये ब्वेनोस आयरेसहून पेरूतील लिमापर्यंत आणि परत, अशी हजारो किलोमीटरची शर्यत त्याने शेव्हरोलेट मोटारीतून जिंकली. अँडीज पर्वतातल्या कच्च्या रस्त्यांवर दिवसचे दिवस चालणाऱ्या या शर्यतींत मोटार मोडली की चालकानेच ती दुरुस्त करायची असे. यंत्राचा आवाज ऐकून त्याचे दुखणे ओळखण्याची जी विद्या पुढे युरोपात त्याची प्रतिभा म्हणून वाखाणली गेली, तिची शाळा ही होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शर्यती थांबल्या आणि फांजिओच्या उमेदीची वर्षे त्यात गेली. १९४८ मध्ये ब्वेनोस आयरेस ते कॅराकास या शर्यतीत पेरूमध्ये त्याची मोटार दरीत कोसळली. तो वाचला, शेजारी बसलेला त्याचा सहचालक दानिएल उरुतिया मरण पावला. पुढच्या वर्षी अर्जेंटिनाचा ऑटोमोबाइल क्लब आणि पेरॉन यांचे सरकार यांच्या पाठबळावर तो युरोपात उतरला, तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. इतर खेळाडू ज्या वयात निवृत्तीचा विचार करतात त्या वयात त्याचा आरंभ झाला. १९५१, १९५४, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच जगज्जेतेपदे त्याने मिळविली. जगज्जेतेपदासाठीच्या ५१ शर्यतींत तो उतरला आणि त्यांपैकी २४ त्याने जिंकल्या. शेवटचे जेतेपद मिळाले तेव्हा त्याचे वय सेहेचाळीस होते.

फांजिओच्या चरित्रातील काही प्रसंग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. १९५० च्या मोनॅको शर्यतीत पहिल्याच फेरीत त्याच्या मागे अनेक मोटारी एकमेकींवर आदळल्या आणि रस्ता अडला. फांजिओ आघाडीवर होता. पुढची फेरी घेऊन तो त्याच वळणाकडे येत होता. वळणापलीकडचे त्याला दिसणे शक्य नव्हते. परंतु प्रेक्षकांचे चेहरे आपल्याकडे वळलेले नाहीत, ते दुसरीकडेच पाहत आहेत, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने वेग कमी केला. तो त्या ढिगाऱ्यातून वाट काढून बाहेर पडला आणि शर्यत जिंकला. या घटनेला नशीब म्हणावे की प्रतिभा? दैवाने पाठविलेली खूण वाचण्याची क्षमता, असेच तिचे वर्णन करावे लागेल. दैव आणि गुण यांतली सीमारेषा येथे पुसट होते.

दुसरा प्रसंग २ सप्टेंबर १९५६ चा, इटलीतील मोन्झा येथील आहे. वर्षातली ती शेवटची शर्यत. फेरारी संघाकडून खेळणाऱ्या फांजिओच्या मोटारीचे सुकाणू निकामी झाले. एका चालकाने आपली मोटार दुसऱ्याला देण्याची मुभा त्या काळच्या नियमांत होती. संघातील लुइजी मुसो याने आपली मोटार सोडली नाही. पीटर कॉलिन्स हा चोवीस वर्षांचा इंग्रज तरुण टायर बदलण्यासाठी थांबला असता त्याने मात्र आपली मोटार फांजिओच्या स्वाधीन केली. त्या घटकेला जेतेपदाची शक्यता कॉलिन्सलाही होती. आपण अजून तरुण आहोत, आपल्याला पुढे पुष्कळ संधी मिळतील, असा त्याचा विचार होता. फांजिओ त्या मोटारीतून दुसरा आला आणि जगज्जेता झाला. कॉलिन्सला पुढची संधी मिळाली नाही. ३ ऑगस्ट १९५८ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे तो अपघातात मरण पावला. मुसो त्याआधी महिनाभर फ्रान्समध्ये मृत्युमुखी पडला होता. फांजिओच्या चौथ्या जेतेपदाच्या कारणांत दुसऱ्या माणसाचे औदार्य हे एक कारण आहे आणि ते प्रतिभा, दैव व कुळ या तीन रकान्यांपैकी कोणत्याही एका रकान्यात बसत नाही.

अर्थात, यावरून फांजिओची थोरवी उणावत नाही. ४ ऑगस्ट १९५७ रोजी न्युर्बुर्गरिंग येथे इंधन आणि टायर यांसाठी थांबल्यामुळे पाऊण मिनिटाहून अधिक मागे पडलेला फांजिओ एकामागून एक फेरीचे विक्रम मोडीत पुढे आला आणि फेरारीतील कॉलिन्स व हॉथॉर्न या दोघांनाही मागे टाकून जिंकला. तो त्याचा जगज्जेतेपदाच्या शर्यतींतील शेवटचा विजय. त्या दिवशीच्या वेगाचे श्रेय घराण्याला किंवा नशिबाला देता येत नाही. मात्र त्या दिवसापर्यंत तो जिवंत होता, हे केवळ त्याच्या गुणांमुळे घडले असेही म्हणता येत नाही. १९५५ मध्ये ल मान्स येथे त्याच्या पुढे असलेल्या लेव्हेगची मोटार दुसऱ्या मोटारीवर चढून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. फांजिओ त्या धुरातून सुखरूप बाहेर पडला. लेव्हेगने शेवटच्या क्षणी हात वर करून आपल्याला सावध केले, असे तो पुढे सांगत असे. त्या काळातील जेत्यांची यादी ही एका अर्थाने वाचलेल्यांची यादी आहे, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

३. कुळ काय देते?

फांजिओच्या उदाहरणाने कुळाचा पक्ष खोटा ठरतो असे वाटेल. परंतु पुढील इतिहास तसे म्हणू देत नाही. ग्रॅहम हिल (१९६२, १९६८) व डेमन हिल (१९९६) आणि केके रोसबर्ग (१९८२) व निको रोसबर्ग (२०१६) या पितापुत्रांच्या दोन जोड्या जगज्जेत्या झाल्या. कॅनडाच्या जिल व्हिलनव्हला जेतेपद लाभले नाही, १९८२ मध्ये बेल्जियममधील झोल्डर येथे त्याचा अंत झाला. त्याचा मुलगा जाक १९९७ मध्ये जेता झाला. नेदरलंड्सचा मॅक्स व्हर्स्टापेन याचे वडील योस हे फॉर्म्युला वनमधील चालक आणि आई सोफी कुम्पेन ही कार्टिंगमधील नामवंत चालक. मॅक्स सतराव्या वर्षी, २०१५ मध्ये, फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षे जेता ठरला.

या यादीवरून रक्तातून काही उतरते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो तपासून पाहिला पाहिजे. ग्रॅहम हिल विमान अपघातात २९ नोव्हेंबर १९७५ रोजी गेला तेव्हा डेमन पंधरा वर्षांचा होता. त्या अपघातानंतर कुटुंबावर आर्थिक संकट कोसळले. डेमनने मोटारसायकलवरून टपाल पोहोचविण्याची कामे केली आणि फॉर्म्युला वनची पहिली शर्यत तो एकतिसाव्या वर्षी धावला. वडिलांकडून त्याला पैसा मिळाला नाही. पण आडनाव मिळाले आणि त्या आडनावासाठी उघडणारी काही दारे मिळाली. खुद्द ग्रॅहमला असे काहीच मिळाले नव्हते. वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत त्याने मोटार चालविली नव्हती आणि शर्यतींच्या जगात तो मेकॅनिक म्हणून शिरला होता.

कुळाच्या प्रश्नावर सर्वांत बोलके उदाहरण शूमाकर कुटुंबाचे आहे. मायकेल शूमाकरचे वडील रोल्फ हे गवंडी होते. जर्मनीतील केर्पेन येथील कार्टिंगच्या मार्गावर त्यांनी मोटारी दुरुस्त करण्याचे आणि भाड्याने देण्याचे जोडकाम धरले. आई तेथील उपाहारगृहात काम करी. म्हणजे घरात संपत्ती नव्हती, परंतु घराच्या अंगणातच धावपट्टी होती. मायकेलने १९९४ ते २००४ या काळात सात जेतेपदे मिळविली. त्याच घरात, त्याच धावपट्टीवर वाढलेल्या राल्फ या धाकट्या भावाने सहा शर्यती जिंकल्या, पण जेतेपद मिळविले नाही. मायकेलचा मुलगा मिक याला वडिलांजवळ नव्हते ते सर्व लाभले, संपत्ती, नाव आणि मार्गदर्शन. त्याने २०२० मध्ये फॉर्म्युला टूचे जेतेपद मिळविले. परंतु २०२१ व २०२२ या दोन वर्षांत हास या दुबळ्या संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये धावताना त्याला पहिल्या तिघांत एकदाही येता आले नाही. रक्त तेच असूनही तिघांची फळे निराळी आहेत.

म्हणजे कुळ जे देते ते रक्तातून उतरणारे नव्हे. ते वर्षे देते. चौथ्या-पाचव्या वर्षी हातात सुकाणू आले की वीस वर्षांचा होईपर्यंत मुलाच्या गाठीला पंधरा वर्षांचा अभ्यास जमतो. ब्राझीलचा आयर्टन सेन्ना हा साओ पावलोतील सधन घरातला; वडिलांनी त्याला चौथ्या वर्षी छोटी मोटार दिली. इंग्लंडमधील लुइस हॅमिल्टन याचे आजी-आजोबा कॅरिबियन बेटांतील ग्रेनाडा येथून आले होते. त्याचे वडील अँथनी यांनी मुलाच्या कार्टिंगसाठी एकाच वेळी अनेक कामे केली. सेन्नाच्या घरी पैसा होता, हॅमिल्टनच्या घरी वडिलांचे कष्ट होते. दोन्ही मुलांना मिळाला तो वेळच. यावरून कुळाची व्याख्या सुधारून घ्यावी लागते. घराण्याचे नाव किंवा संपत्ती यांहून, मुलाच्या वेडाला गंभीरपणे घेणारे घर ही कुळाची खरी देणगी होय.

कुळाची अडचण होऊ शकते, हेही नोंदविले पाहिजे. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा व्हिएन्नातील उद्योगपतींच्या घराण्यात जन्मला. त्याच्या घराण्याचा शर्यतींना विरोध होता. त्याने बँकांकडून कर्ज काढून संघात जागा मिळविली आणि १९७५, १९७७ व १९८४ मध्ये जेतेपद पटकाविले. दुसरीकडे, इंग्लंडच्या स्टर्लिंग मॉसला अनुकूल घर लाभले होते. त्याचे वडील आल्फ्रेड हे दंतवैद्य होते आणि १९२४ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीत धावले होते. आईही मोटारस्पर्धांत भाग घेई. प्रतिभेविषयी तर दुमत नव्हते. १९५५ ते १९५८ अशी सलग चार वर्षे मॉस दुसरा आला आणि जेतेपदावाचून निवृत्त झाला.

४. एका गुणाचे अंतर

मॉसच्या या अपयशातील शेवटचे वर्ष इतिहासात अपूर्व आहे. १९५८ मध्ये मॉसने चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एकच. तरीही हॉथॉर्न ४२ आणि मॉस ४१, अशा एका गुणाच्या फरकाने जेतेपद हॉथॉर्नला गेले. पोर्तुगालमधील शर्यतीत मोटार गिरकी घेऊन थांबल्यावर हॉथॉर्न उलट दिशेने गेला, असा आक्षेप घेऊन त्याला बाद ठरविण्याची तयारी चालली होती. त्या वेळी मॉसने स्वतः पुढे होऊन हॉथॉर्नच्या बाजूने साक्ष दिली आणि त्याचे गुण वाचविले. ते गुण गेले असते तर मॉस जेता ठरला असता. येथेही नशिबाच्या आड एका माणसाचा निर्णय उभा आहे. कॉलिन्सने मोटार दिली, मॉसने साक्ष दिली. दोघेही जेते झाले नाहीत. हॉथॉर्न जेतेपदानंतर निवृत्त झाला आणि जानेवारी १९५९ मध्ये साध्या रस्त्यावरील अपघातात मरण पावला.

अशा निसटत्या निकालांची परंपरा मोठी आहे. १ ऑगस्ट १९७६ रोजी लाउडा न्युर्बुर्गरिंग येथे जळत्या मोटारीत सापडला. सहा आठवड्यांत तो पुन्हा शर्यतीत उतरला. वर्षातली शेवटची शर्यत जपानमध्ये मुसळधार पावसात झाली. धोका अवास्तव आहे असे ठरवून लाउडाने ती सोडून दिली आणि जेम्स हंट ६९ विरुद्ध ६८ गुणांनी जेता ठरला. १९८४ मध्ये मात्र हाच लाउडा आलँ प्रोस्टपेक्षा अर्ध्या गुणाने पुढे राहिला, ७२ विरुद्ध ७१.५. तो अर्धा गुण आला पावसामुळे, कारण त्या वर्षी मोनॅकोची शर्यत पावसात मध्येच थांबविली गेल्याने सर्वांना निम्मे गुण देण्यात आले होते. एका पावसाने लाउडाचे जेतेपद घालविले, दुसऱ्या पावसाने ते मिळवून दिले. २ नोव्हेंबर २००८ रोजी साओ पावलो येथे फेलिपे मासा शर्यत जिंकून आला तेव्हा काही क्षण तोच जगज्जेता होता. शेवटच्या फेरीतील अखेरच्या वळणांवर, कोरड्या रस्त्याचे टायर घेऊन पावसात घसरत चाललेल्या टिमो ग्लॉकला हॅमिल्टनने मागे टाकले आणि ९८ विरुद्ध ९७ अशा फरकाने जेतेपद त्याच्याकडे गेले.

दैवाचे दुसरे रूप दार उघडण्याचे आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये जॉर्डन संघाचा चालक बर्ट्रांड गाशो याला लंडनमध्ये एका टॅक्सीचालकाच्या तोंडावर अश्रुधुराचा फवारा मारल्याबद्दल कारावास झाला. रिकाम्या झालेल्या जागेवर मर्सिडीझच्या पैशाने एक नवखा जर्मन तरुण आला. बेल्जियममधील स्पा येथे आपल्या पहिल्याच प्रयत्नात त्याने सातवा क्रमांक मिळविला. प्रत्यक्ष शर्यतीत पहिल्याच फेरीत मोटार बिघडली, पण पाहणाऱ्यांनी पाहायचे ते पाहिले होते. हाच मायकेल शूमाकर. दार दैवाने उघडले, हे खरे. मात्र अशी दारे इतरांसाठीही उघडली होती आणि त्यांतून आत गेलेल्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत.

दैवाच्या क्रौर्याचे टोक योखेन रिंट याच्या चरित्रात दिसते. १९४२ मध्ये जन्मलेल्या रिंटचे आईवडील पुढच्याच वर्षी हॅम्बुर्गवरील बाँबहल्ल्यात मारले गेले. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे आजी-आजोबांनी त्याला वाढविले. वडिलांच्या मसाल्याच्या गिरणीचा वारसा त्याच्याकडे आला आणि त्या पैशावर त्याचा शर्यतींचा आरंभ झाला. अनाथपण आणि वारसा एकाच घटनेतून आले. १९७० मध्ये पाच शर्यती जिंकून तो आघाडीवर असताना ५ सप्टेंबर रोजी मोन्झा येथील सरावात त्याचा मृत्यू झाला. उरलेल्या शर्यतींत त्याचे गुण कोणालाही ओलांडता आले नाहीत आणि जेतेपद मरणोत्तर त्याच्या नावे लागले. या स्पर्धेच्या इतिहासातील हे एकमेव मरणोत्तर जेतेपद.

५. रथाचा वाटा

आतापर्यंतच्या विवेचनात एक घटक बाजूला राहिला आहे, तो म्हणजे खुद्द रथ. कर्णाची कथाही शेवटी चाकापाशीच येऊन थांबते. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील अँड्र्यू बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संख्याशास्त्रीय अभ्यासात १९५० पासूनच्या निकालांचे विश्लेषण करून चालक आणि संघ यांचे वाटे वेगळे करण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या निष्कर्षानुसार यशातील फरकाचा सुमारे ८६ टक्के भाग संघामुळे स्पष्ट होतो, उरलेला चालकामुळे. संघाचा परिणाम वजा केल्यावर सर्वश्रेष्ठ चालक म्हणून ज्याचे नाव पुढे आले तो मात्र बालकार्सेचा मेकॅनिक फांजिओच होता.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले पाहिजेत. रथाचा वाटा फार मोठा आहे, तरी रथी नगण्य नाही. शिवाय फांजिओ आल्फा रोमिओ, मासेराती, मर्सिडीझ आणि फेरारी अशा चार संघांत जेता ठरला. चांगल्या रथाची पारख आणि तो वेळीच मिळविणे, हाही त्याच्या कौशल्याचा भाग होता. परंतु उत्तम संघाची मोटार उत्तम चालकालाच मिळते आणि उत्तम मोटारीमुळेच चालक उत्तम दिसतो, या चक्रातून पूर्णपणे बाहेर पडणे कोणत्याही गणिताला सोपे नाही. जुन्या काळातील राजाश्रयाचे स्थान आज पुरस्कर्त्या कंपन्यांनी घेतले आहे. आश्रय लाभलेल्या कवीची पोथी उरते, न लाभलेल्याची उरत नाही. म्हणून आश्रितच श्रेष्ठ होते असे उरलेल्या पोथ्यांवरून सिद्ध होत नाही.

६. रंगभूमीबाहेरचे

हा मुद्दा जेतेपदापासून दूर राहिलेल्यांकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होतो. इटलीची लेला लोम्बार्दी ही खाटकाच्या घरातली. दुकानाची मालवाहू गाडी चालवीत ती गाडीशी परिचित झाली. १९७५ मध्ये बार्सिलोना येथील स्पॅनिश शर्यत अपघातामुळे अर्ध्यावर थांबविण्यात आली तेव्हा ती सहाव्या स्थानी होती. तिला अर्धा गुण मिळाला. जगज्जेतेपदाच्या शर्यतीत एका स्त्रीने गुण मिळविल्याचे ते एकमेव उदाहरण आहे. स्त्रियांत प्रतिभा नाही असा याचा अर्थ लावणे म्हणजे, रंगभूमीवर येऊच न दिलेल्यांची कौशल्ये मोजण्यासारखे होईल.

भारताच्या संदर्भातही हेच दिसते. चेन्नईजवळील शोळावरम येथील जुन्या धावपट्टीवर आणि नंतर श्रीपेरुंबुदूरजवळच्या मार्गावर आपल्याकडे शर्यतींची परंपरा रुजली. फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले दोन्ही भारतीय या दक्षिणेतील परंपरेतून आले. कोइंबतूरच्या नारायण कार्तिकेयनचे वडील नामांकित रॅलीचालक. चेन्नईच्या करुण चंढोकच्या घरी तर दोन पिढ्यांचा मोटारस्पर्धांशी संबंध होता. कार्तिकेयनला त्याच्या कारकिर्दीतील एकमेव गुणप्राप्ती १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस येथे झाली. त्या दिवशी टायरांच्या सुरक्षिततेच्या कारणावरून चौदा मोटारी माघारी गेल्या, सहाच धावल्या आणि तो चौथा आला. त्याच्या विजयी पाच गुणांत दैव होते हे उघडच आहे. परंतु त्या सहा मोटारींपैकी एकीत भारतीय चालक बसलेला असणे, यामागे वडिलांपासूनची वर्षे होती.

मुंबईत १९९८ मध्ये जन्मलेल्या जेहान दारूवालाची कथा याला जोडून पाहण्यासारखी आहे. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून होतकरू मुलांची निवड केली, तीत तो निवडला गेला. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमधील साखीर येथे त्याने फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. असा विजय मिळविणारा तो पहिला भारतीय. याच शर्यतीत मिक शूमाकर अठरावा आला. मात्र वर्षभराच्या गुणांवर जेतेपद त्याच दिवशी त्याच्या नावे निश्चित झाले. पुढच्या हंगामात मिकला फॉर्म्युला वनची मोटार मिळाली. दारूवाला २०२३ पर्यंत फॉर्म्युला टूमध्येच धावला. त्याला ती जागा मिळाली नाही. मिकने वर्षभराच्या कामगिरीने ती कमावली होती, यात शंका नाही. पण एका दिवसाच्या या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की गुणांचे कोष्टक सर्व हकीकत सांगत नाही, हे जाणवते.

७. समारोप

संस्कृत काव्यशास्त्रात काव्याच्या कारणांची चर्चा दीर्घकाळ चालली. कोणी प्रतिभेला प्राधान्य दिले, कोणी व्युत्पत्तीला, कोणी अभ्यासाला. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त जन्मजात शक्ती, लोक व शास्त्र यांच्या निरीक्षणातून येणारी निपुणता आणि जाणत्याच्या हाताखाली केलेला अभ्यास यांचा एकत्र निर्देश केला आणि ही तीन वेगवेगळी कारणे नसून तिघांचे मिळून एकच कारण होते, असा निर्णय दिला. प्रस्तुत प्रश्नालाही हीच दृष्टी लागू पडते. प्रतिभा, दैव आणि कुळ हे परस्परांचे प्रतिस्पर्धी पक्ष नाहीत. कुळ किंवा गाव वर्षे देते, त्या वर्षांत प्रतिभेचे कौशल्य होते, आश्रय त्या कौशल्याला रथ देतो आणि दैव त्याला प्रसंग देते. यांतला एकही दुवा निखळला तर जेता घडत नाही. त्यामुळे कोणाचा वाटा किती, हा प्रश्न विचारता येतो, पण ‘यांपैकी कोणते एक’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

मम्मटाच्या सूत्रात मात्र दैवाला आणि आश्रयाला जागा नाही, कारण त्याच्यासमोर लिहिले गेलेले काव्य होते; न लिहिले गेलेले नव्हते. जेत्यांचा इतिहास लिहिणाऱ्याचीही हीच मर्यादा आहे. त्याच्यासमोर फांजिओ असतो. वर्गणी न जमलेल्या गावातला मेकॅनिक त्याच्यासमोर नसतो. ही मर्यादा ओळखल्याने जेत्याचा गौरव कमी होत नाही. ४ ऑगस्ट १९५७ चा न्युर्बुर्गरिंगवरील वेग फांजिओचाच होता आणि त्याचाच राहील. परंतु कर्ण दैवाने हरला असे म्हणणाऱ्याने अर्जुनाच्या विजयाकडे पाहतानाही तेच मोजमाप वापरले पाहिजे. तसे केले तर हरलेल्याकडे पाहण्याची आपली दृष्टी अधिक न्याय्य होईल आणि जिंकलेला स्वतःकडे थोड्या नम्रतेने पाहू शकेल. त्या नम्रतेचे एक उदाहरण मोन्झाच्या धावपट्टीवर १९५६ मध्ये घडून गेले आहे. ते करून दाखविणाऱ्याचे नाव मात्र जगज्जेत्यांच्या यादीत नाही.